विद्युतदाबातील घट आणि मायक्रोकंट्रोलरचे रीसेट : कारणमीमांसा व निदानपद्धती
(आंबिवली परिसरातील वीजवापराच्या संदर्भात)

सारांश :
मायक्रोकंट्रोलरवर आधारित उपकरण मध्येच थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू होणे, हा विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत आणि प्रत्यक्ष वापरातील उपकरणांत वारंवार आढळणारा दोष आहे. त्याचे खापर बहुधा प्रोग्रामवर फोडले जाते. प्रत्यक्षात अनेकदा पुरवठ्याचा विद्युतदाब क्षणभर घटलेला असतो आणि रीसेट ही त्या घटीची केवळ खूण असते. प्रस्तुत लेखात आंबिवलीसारख्या वस्तीतील पाण्याच्या पंपाच्या नियंत्रकाचे उदाहरण घेऊन ही घट कोठे जन्मते, उपकरणात कशी उतरते, चिप तिला कसा प्रतिसाद देते आणि तिचे निदान कोणत्या क्रमाने करावे, याचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : मायक्रोकंट्रोलर, रीसेट, विद्युतदाब, ब्राउनआऊट, निदान, प्रकल्पाध्यापन.

१. प्रास्ताविक

इलेक्ट्रॉनिक्सच्या पदवी अभ्यासक्रमात ८०५१ कुळातील मायक्रोकंट्रोलर रुजून आता बराच काळ लोटला आहे. इंटेल कंपनीने ही चिप १९८० मध्ये बाजारात आणली. पुढे एव्हीआर, पीआयसी आणि एआरएम कुळातील चिप आल्या. २००५ मध्ये इटलीत सुरू झालेल्या आर्डुइनो या उपक्रमामुळे तर अन्य शाखांच्या विद्यार्थ्यांनाही असे प्रकल्प करणे शक्य झाले. साधने बदलली, तरी एक अनुभव मात्र कायम राहिला. प्रयोगशाळेत सुरळीत चालणारा प्रकल्प प्रत्यक्ष जागेवर बसवला की रीसेट होऊ लागतो. रिले ओढला जाताच पडद्यावरील अक्षरे नाहीशी होतात, मोजणी शून्यावर येते, कधी साठवलेली माहितीच बिघडते.

अशा वेळी विद्यार्थी प्रोग्राम तपासू लागतो. शिक्षकही पुष्कळदा तोच सल्ला देतात, कारण प्रोग्राम डोळ्यांसमोर असतो आणि पुरवठ्याचा दाब गृहीत धरलेला असतो. योग्य असलेला प्रोग्राम पुन्हा पुन्हा लिहिण्यात आठवडे जातात, आणि प्रात्यक्षिक परीक्षेत उपकरण बंद पडले तर विद्यार्थ्याचे गुणही जातात. चुकीच्या निदानाची ही किंमत लक्षात घेता या विषयाचा पद्धतशीर विचार होणे आवश्यक वाटते.

२. घटीचा उगम : आंबिवली परिसराचे उदाहरण

मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावर शहाड आणि टिटवाळा या स्थानकांच्या दरम्यान आंबिवली वसलेले आहे. शेजारच्या मोहने येथील नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनच्या कारखान्यामुळे हा भाग दीर्घकाळ औद्योगिक वस्ती म्हणून ओळखला गेला. तो कारखाना २००९ मध्ये बंद पडला. आज हा परिसर प्रामुख्याने निवासी असून कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत येतो. वीजपुरवठा महावितरणचा आहे. महाराष्ट्र राज्य वीज मंडळाचे २००५ मध्ये विभाजन होऊन ही कंपनी अस्तित्वात आली.

निवासी वस्तीतील इमारतीत पाणी आधी तळमजल्यावरील टाकीत येते आणि तेथून पंपाने गच्चीवरील टाकीत चढवले जाते. पाणी येण्याची वेळ ठरलेली असल्याने एकाच सुमारास अनेक इमारतींचे पंप सुरू होतात. यातील प्रत्येक पंप दाबघटीचा एक उगम असतो. इंडक्शन मोटर थेट सुरू केली असता पहिल्या क्षणी ती नेहमीच्या विद्युतधारेच्या साधारण पाच ते सात पट धारा ओढते. एक अश्वशक्तीची एकफेजी मोटर चालताना सुमारे ६ अँपिअर घेत असेल, तर सुरू होताना ती ३० अँपिअरपर्यंत जाते. खांबापासून पंपापर्यंतच्या तारांचा एकूण रोध १ ओहम धरला, तरी त्या क्षणी ३० व्होल्ट तारांतच खर्ची पडतात. संध्याकाळच्या भारामुळे मूळचा दाब २३० ऐवजी २०५ व्होल्टवर आलेला असेल, तर पंपाजवळच्या उपकरणाला तेवढ्या वेळापुरते १७५ व्होल्टच मिळतात.

दुसरा उगम खंडित वीज परत येण्याच्या क्षणात असतो. २००५ नंतरच्या काही वर्षांत महावितरणच्या क्षेत्रात मोठ्या प्रमाणावर भारनियमन होत असे. त्या काळातील वापरकर्त्यांना हा क्षण चांगलाच परिचित आहे. वीज येताच पंखे, शीतकपाटे आणि पंप एकाच वेळी धारा ओढू लागतात. दिवे आधी मंद लागतात आणि मग उजळतात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे व नवी मुंबई परिसरात झालेल्या मोठ्या वीजखंडानंतरही पुरवठा टप्प्याटप्प्यानेच पूर्ववत करावा लागला. उपकरणाच्या दृष्टीने वीज पूर्ण जाणे ही साधी घटना आहे. ती डळमळत परत येणे अधिक कठीण असते.

तिसरा उगम पावसाळ्यातला. उघड्या तारांवर झाडाची फांदी पडली किंवा दूरच्या वाहिनीवर दोष उद्भवला, तर संरक्षक यंत्रणा तो भाग तोडेपर्यंतच्या काही आवर्तनांत त्याच उपकेंद्रावरील इतर वाहिन्यांचाही दाब खाली येतो. वीज गेल्याचे ज्याला जाणवतही नाही, त्याच्या घरातील उपकरण मात्र रीसेट झालेले असते.

येथे नियमांची मर्यादा लक्षात घ्यावी लागते. भारतीय विद्युत नियम, १९५६ यांनुसार कमी दाबाच्या पुरवठ्यात घोषित दाबापासून ६ टक्क्यांपर्यंतचा फरक ग्राह्य मानला होता. म्हणजे २३० व्होल्टसाठी साधारण २१६ ते २४४ व्होल्ट. ही मर्यादा स्थिर दाबाची होय. अर्ध्या आवर्तनापासून एक मिनिटापर्यंत दाब ९० टक्क्यांच्या खाली जाणे, याला अभियांत्रिकीत स्वतंत्र संज्ञा व स्वतंत्र मापदंड आहेत. संगणकीय उपकरणांसाठी प्रचलित असलेल्या आयटीआयसी आलेखानुसार उपकरणाने २० मिलिसेकंदांचा पूर्ण खंड आणि अर्ध्या सेकंदापर्यंत ७० टक्के दाब सहन करावा, अशी अपेक्षा असते. महाविद्यालयीन प्रकल्पाच्या आखणीत ही अपेक्षा सहसा विचारात घेतली जात नाही.

३. भिंतीवरील प्लगपासून चिपपर्यंत

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात आढळणारा नेहमीचा पुरवठा असा असतो : २३० व्होल्टचे ९ व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर, चार डायोडांचा ब्रिज, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ७८०५ हा रेग्युलेटर. या साखळीतील हिशेब कागदावर मांडला की दोष स्वतःच समोर येतो.

ब्रिजनंतर कपॅसिटर दर १० मिलिसेकंदांनी एकदा भरतो आणि मधल्या काळात उपकरणाला धारा पुरवतो. त्या काळात दाब किती उतरेल, हे धारा आणि काळ यांच्या गुणाकाराला कपॅसिटरच्या धारकतेने भागले असता मिळते. उपकरण २०० मिलिअँपिअर घेत असेल, तर १००० मायक्रोफॅरडवर ही उतरण सुमारे २ व्होल्ट येते. ७८०५ ला ५ व्होल्ट देण्यासाठी आत सुमारे ७ व्होल्ट लागतात. डायोडांत १.४ व्होल्ट जातात असे धरल्यास चित्र पुढीलप्रमाणे दिसते :

मुख्य दाब २३० व्होल्ट : कपॅसिटरवरील शिखर ११.३, तळ ९.३ व्होल्ट, चिपला ५ व्होल्ट.
मुख्य दाब २०५ व्होल्ट : शिखर ९.९, तळ ७.९ व्होल्ट; चिपला ५ व्होल्ट.
मुख्य दाब १९० व्होल्ट : शिखर ९.१, तळ ७.१ व्होल्ट, चिपला ५ व्होल्ट, परंतु शिल्लक जवळपास शून्य.
मुख्य दाब १७५ व्होल्ट : शिखर ८.३, तळ ६.३ व्होल्ट, चिपला तळाशी सुमारे ४.३ व्होल्ट.
मुख्य दाब १६० व्होल्ट : शिखर ७.५, तळ ५.५ व्होल्ट, चिपला तळाशी सुमारे ३.५ व्होल्ट.

हे आकडे ढोबळ आहेत. हलक्या भारावर ट्रान्सफॉर्मर अंकित दाबापेक्षा थोडा अधिक दाब देतो आणि कमी धारेवर रेग्युलेटरलाही थोडी कमी शिल्लक पुरते. तथापि दोन गोष्टी स्पष्ट होतात. १९० व्होल्टपर्यंत उपकरणाच्या बाह्य वर्तनात काहीही बदल दिसत नाही, आणि त्यानंतर मात्र कडा तुटल्याप्रमाणे दाब कोसळतो. प्रयोगशाळेतील भक्कम पुरवठ्यावर चालणारा प्रकल्प आंबिवलीतील पंपघरात का चालत नाही, याचे उत्तर या कड्यात आहे. शिवाय चिपवरील घट दर १० मिलिसेकंदांनी येणाऱ्या खाचेच्या रूपात असते. सरासरी दाखवणाऱ्या मल्टिमीटरवर ती पुरेशी उमटत नाही.

पूर्ण खंड झाल्यास हा पुरवठा किती काळ तग धरेल, हेही याच सूत्राने काढता येते. २३० व्होल्टवर चालताना खंड नेमका शिखरावर झाला तर सुमारे २१ मिलिसेकंद, तळाशी झाला तर ११ ते १२ मिलिसेकंद. कपॅसिटर ४७०० मायक्रोफॅरडचा केल्यास हाच अवधी ९० ते १०० मिलिसेकंदांवर जातो. घरगुती इन्व्हर्टर मुख्य पुरवठ्याऐवजी बॅटरीवर जाताना काही मिलिसेकंदांचा खंड पडतोच; ‘इन्व्हर्टर असूनही रीसेट का होतो’ या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते.

काळाचाही परिणाम विसरता येत नाही. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमधील द्रव उष्णतेने हळूहळू आटतो. तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. पहिल्या वर्षी निर्दोष असलेले उपकरण तिसऱ्या उन्हाळ्यात रीसेट होऊ लागते, ते बहुधा यामुळेच. मधल्या काळात प्रोग्राम बदललेला नसतो, ही बाबही निदानात उपयोगी पडते.

४. कमी दाबावर चिपचे वर्तन

दाबाच्या दृष्टीने चिपच्या तीन अवस्था कल्पिता येतात. पहिलीत दाब पुरेसा असतो आणि प्रत्येक आज्ञा बरोबर पार पडते. तिसरीत दाब इतका कमी असतो की चिप पूर्ण थांबते. या दोहोंमधली दुसरी अवस्था धोक्याची होय. येथे चिप चालू असते, परंतु बरोबर चालेलच याची निर्माता हमी देत नाही. स्मृतीतून आज्ञा चुकीची वाचली जाऊ शकते आणि प्रोग्राम भलत्याच ठिकाणी उडी घेऊ शकतो. याच अवस्थेत ईईप्रॉममधील नोंदी बिघडतात. लिहिण्याच्या क्रियेला आवश्यक तेवढा दाब नसणे हे त्याचे एक कारण. भरकटलेल्या चिपने नको असताना लिहिणे हे दुसरे.

या दुसऱ्या अवस्थेत चिपला राहू न देणे, हे ब्राउनआऊट शोधक परिपथाचे काम आहे. दाब ठरावीक मर्यादेखाली जाताच तो चिपला रीसेटमध्ये धरून ठेवतो आणि दाब सावरल्यावर सोडतो. या दृष्टीने पाहता दाबघटीने झालेला रीसेट ही चिपची सुरक्षित वागणूक आहे. दाब घटूनही जी चिप रीसेट होत नाही, तिच्याविषयी अधिक काळजी करावी लागते.

८०५१ कुळातील एटी८९एस५२ या लोकप्रिय चिपमध्ये असा शोधक नाही. तिचा कार्यदाब ४.० ते ५.५ व्होल्ट आहे. तिच्या रीसेट टोकाला बहुतेक पाठ्यपुस्तकांत १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ८.२ किलोओहमचा रोधक जोडलेला दाखवतात. पुरवठा शून्यापासून वर चढताना ही रचना उत्तम काम करते. परंतु पुरवठा ५ वरून ३ व्होल्टवर उतरून परत ५ वर आला तर काय होते? कपॅसिटर बराचसा भरलेलाच असतो. रीसेट टोकावर फार तर २ व्होल्टचा झटका पोहोचतो. ते टोक उच्च मानले जाण्यासाठी पुरवठ्याच्या ०.७ पट, म्हणजे ३.५ व्होल्ट लागतात. परिणामी रीसेट होतच नाही. चिप मधल्या अवस्थेतून जाऊन आलेली असते आणि कोठूनही पुढे चालू लागते. ‘उपकरण अडकते, बटण दाबूनही हलत नाही, प्लग काढून लावला की चालते’ ही तक्रार नेमकी या प्रसंगाची असते.

एव्हीआर कुळातील एटीमेगा३२ मध्ये शोधक आहे. तथापि कारखान्यातून येताना तो बंद असतो आणि फ्यूज-बिट बदलून सुरू करावा लागतो. त्याच्या २.७ व ४.० व्होल्ट अशा दोन मर्यादा आहेत. हीच चिप १६ मेगाहर्ट्झवर चालवायची तर किमान ४.५ व्होल्ट लागतात. म्हणजे ४.० ची मर्यादा निवडली तरी अर्ध्या व्होल्टचा असुरक्षित पट्टा उरतोच. आर्डुइनो उनोवरील एटीमेगा३२८पी ला १६ मेगाहर्ट्झवर सुमारे ३.८ व्होल्ट आवश्यक असतात. मात्र त्या फलकावर शोधकाची मर्यादा मूळतः २.७ व्होल्ट ठेवलेली असते. पीआयसी१६एफ८७७ए मध्ये ही मर्यादा ४.० व्होल्टच्या आसपास आहे. शोधक असणे पुरेसे नसून त्याची मर्यादा घड्याळाच्या वेगाशी जुळणे आवश्यक आहे, हा यातून निघणारा बोध होय.

५. उपकरणाने स्वतः निर्माण केलेली घट

आता पंपाच्या नियंत्रकाकडे पुन्हा वळता येईल. गच्चीवरील टाकी रिकामी झाल्याचे संवेदक कळवतो. नियंत्रक रिले ओढतो, रिले कॉन्टॅक्टरला आणि कॉन्टॅक्टर मोटरला जोडतो. मोटर सुरू होताच दाब १७५ व्होल्टच्याही खाली जातो. नियंत्रक रीसेट होतो. रीसेट होताच त्याची सर्व टोके मूळ स्थितीत येतात, रिले सुटतो, मोटर बंद पडते आणि दाब सावरतो. नियंत्रक पुन्हा सुरू होतो, टाकी रिकामी असल्याचे पाहतो आणि पुन्हा रिले ओढतो. हे चक्र अखंड चालू राहते. कॉन्टॅक्टर कडकडत राहतो, त्याचे संपर्कबिंदू जळतात, मोटर तापते, आणि इमारतीला पाणी मिळत नाही ते वेगळेच. बाहेरून पाहणाऱ्याला हे प्रोग्राममधील चुकीच्या आवर्तनासारखे दिसते. प्रयोगशाळेत मोटरऐवजी दिवा जोडून चाचणी घेतलेली असल्याने तेथे हा दोष कधीच दिसलेला नसतो.

मोबाइल संदेश पाठवणाऱ्या प्रकल्पांत याचेच दुसरे रूप आढळते. जीएसएम मोड्यूल प्रक्षेपण करताना दर ४.६१५ मिलिसेकंदांनी ५७७ मायक्रोसेकंदांपुरती २ अँपिअरपर्यंत धारा ओढते. सरासरी धारा मोजली तर ती फसवी निघते. ही धारा केवळ कपॅसिटरमधून पुरवायची आणि दाब ०.३ व्होल्टपेक्षा अधिक उतरू द्यायचा नाही असे ठरवले, तर सुमारे ३८०० मायक्रोफॅरडची धारकता मोड्यूलजवळच लागते. वायफाय असलेल्या ईएसपी३२ सारख्या नव्या चिपमध्ये तर ब्राउनआऊट झाल्याचा संदेश चिप स्वतःच संगणकाच्या पडद्यावर पाठवते. पुष्कळदा दोष अशक्त चार्जरचा किंवा बारीक तारांच्या लांब यूएसबी केबलचा असतो.

६. निदानाचा क्रम

निदानात उपायांची घाई टाळणे महत्त्वाचे असते. कपॅसिटर बदलून, मग रेग्युलेटर बदलून, मग प्रोग्राम बदलून पाहिल्यास दोष गेला तरी कारण कळत नाही. पुढील क्रम अधिक उपयुक्त ठरतो.

(अ) वेळेची नोंद. रीसेट केव्हा होतो, याची साधी वही ठेवावी. पंप सुरू होताना, रिले सुटताना, वीज परत येताना, की कशाशीही संबंध नसताना? चार-पाच दिवसांच्या नोंदींतून बहुधा दिशा मिळते.

(आ) चिपची साक्ष. एव्हीआर, पीआयसी, एसटीएम३२ इत्यादी चिपमध्ये मागील रीसेट कशामुळे झाला याची नोंद एका रजिस्टरमध्ये राहते. पुरवठा सुरू होणे, दाबघट, वॉचडॉग आणि बाह्य टोक अशी कारणे त्यातून वेगळी करता येतात. प्रोग्रामच्या पहिल्याच ओळीत ही नोंद वाचून नंतर पुसावी, अन्यथा जुनी व नवी कारणे मिसळतात. एव्हीआरमध्ये पुरवठा सुरू होण्याची खूण आधी तपासावी, कारण त्या वेळी इतर खुणाही उमटू शकतात. काही बूटलोडर ही नोंद प्रोग्रामपर्यंत पोहोचण्यापूर्वीच पुसून टाकतात, हेही ध्यानात असावे. एटी८९एस५२ मध्ये अशी सोय नाही. तेथे अंतर्गत रॅममध्ये एक ठरावीक सांकेतिक संख्या लिहून ठेवता येते. पुन्हा सुरू झाल्यावर ती शाबूत असेल तर पुरवठा पूर्ण गेलेला नव्हता. नसेल तर तो फार खाली गेला होता. मात्र कायल कंपायलरची प्रारंभीची आज्ञावली रॅम शून्य करते, त्यामुळे तिच्यात आवश्यक तो बदल आधी करावा लागतो.

(इ) मापन. ऑसिलोस्कोप एकदाच टिपण्याच्या स्थितीत ठेवून ४.६ व्होल्टच्या उतरत्या कडेवर ट्रिगर लावावा आणि प्रोब थेट चिपच्या पुरवठा-टोकावर धरावा. दुसरी वाहिनी ७८०५ च्या आतल्या बाजूस जोडावी. यातून चार निष्कर्ष संभवतात. दोन्ही ठिकाणी घट दिसल्यास दोष मुख्य पुरवठ्यात, ट्रान्सफॉर्मरमध्ये किंवा मोठ्या कपॅसिटरमध्ये आहे. आत दाब पुरेसा असून बाहेर घट असल्यास भार रेग्युलेटरच्या क्षमतेपलीकडचा आहे किंवा तो तापून स्वतःला आवरतो आहे. रेग्युलेटरच्या टोकावर दाब स्थिर असून चिपवरच घट असल्यास तारा, जोडण्या, भूयोजन किंवा ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरचा अभाव कारणीभूत आहे. कोठेही घट नसताना रीसेट होत असल्यास रीसेट टोकावरील विद्युत गोंगाट, वॉचडॉग किंवा प्रोग्राम यांकडे वळावे. प्रोग्रामचा क्रम येथे शेवटी लागतो.

(ई) पृथक्करण. ऑसिलोस्कोप उपलब्ध नसल्यास १.२ व्होल्टचे चार पुनर्भारित सेल जोडून केवळ चिपला स्वतंत्र ४.८ व्होल्ट द्यावेत. भूयोजन सामाईक ठेवावे. रीसेट थांबल्यास पुरवठ्यावरील संशय जवळपास सिद्ध होतो.

(उ) पुनर्निर्मिती. डिमरस्टॅटवरून उपकरण चालवून दाब २३० वरून १५० व्होल्टपर्यंत सावकाश उतरवावा आणि तितक्याच सावकाश वर न्यावा. कोणत्या दाबाला रीसेट झाला, कोणत्या दाबाला उपकरण सावरले आणि मधल्या पट्ट्यात रिले कडकडला का, याची नोंद घ्यावी. मुख्य पुरवठ्याशी संबंध असल्याने ही चाचणी शिक्षकाच्या देखरेखीखालीच व्हावी. इच्छेनुसार निर्माण करता येणारा दोष निम्मा सुटलेला असतो.

७. उपाययोजना

कारण निश्चित झाल्यावर उपाय फारसे खर्चिक राहत नाहीत. साखळीच्या सुरुवातीला ९ ऐवजी १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेतल्यास शिल्लक वाढते, परंतु रेग्युलेटरमधील उष्णताही वाढते. ९० ते २६५ व्होल्टवर चालणारा स्विच-मोड अडॅप्टर हा आज सहज मिळणारा पर्याय असून मुख्य दाब १७५ वर गेल्याचा त्याच्यावर परिणाम होत नाही. घरगुती स्टॅबिलायझरवर मात्र या कामी विसंबू नये. तो रिलेने टॅप बदलतो आणि बदलताना स्वतःच क्षणिक खंड निर्माण करतो.

उपकरणाच्या आत रिले व मोटर यांचा पुरवठा चिपच्या पुरवठ्यापासून वेगळा काढावा. एकच पुरवठा असल्यास चिपच्या वाट्याचा कपॅसिटर डायोडच्या पलीकडे ठेवावा, म्हणजे रिलेला त्यातील साठा ओढता येत नाही. रिलेच्या कुंडलावर उलटा डायोड, कॉन्टॅक्टरवर रोधक-कपॅसिटरची जोडी आणि चिपच्या टोकांना लागून ०.१ मायक्रोफॅरड, या गोष्टी ऐच्छिक समजू नयेत. ८०५१ कुळासाठी रोधक-कपॅसिटरऐवजी मॅक्स८१० सारखी रीसेट चिप वापरावी. तिचा ४.३८ व्होल्टचा प्रकार एटी८९एस५२ च्या ४.० व्होल्टच्या मर्यादेशी चांगला जुळतो आणि दाब सावरल्यावरही ती किमान १४० मिलिसेकंद रीसेट धरून ठेवते.

प्रोग्रामचे खरे काम यानंतर सुरू होते. रीसेट कधीतरी होणारच, हे गृहीत धरून प्रोग्राम लिहावा. सुरू झाल्यावर लगेच रिले न ओढता काही मिनिटे थांबावे, आणि हा अवधी प्रत्येक उपकरणात थोडा वेगळा ठेवावा. वीज परत आल्यावर साऱ्या इमारतींचे पंप एकदम सुरू होणे त्यामुळे टळते. थोड्या वेळात तीनदा दाबघटीची नोंद आढळल्यास पंप बंद ठेवून सूचक दिवा लावावा. महत्त्वाच्या नोंदी ईईप्रॉममध्ये दोन प्रतींत, तपासणी-बेरजेसह ठेवाव्यात. वॉचडॉग अवश्य वापरावा, परंतु तो ब्राउनआऊट शोधकाची जागा घेऊ शकत नाही. भरकटलेला प्रोग्राम तो पुन्हा सुरू करतो. कमी दाबावर भरकटणे तो रोखत नाही.

८. अध्यापनाच्या दृष्टीने

प्रकल्पाच्या मूल्यमापनात परिपथ, प्रोग्राम आणि सादरीकरण यांना गुण असतात. पुरवठ्याचा हिशेब मात्र अहवालात क्वचितच आढळतो. आराखड्यात ‘५ व्होल्ट’ असा एक बाण काढला की तो विषय संपतो. या लेखात मांडलेला हिशेब पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही करता येण्याजोगा आहे. प्रत्येक प्रकल्प-अहवालात कपॅसिटरवरील शिखर व तळ, किमान मुख्य दाब आणि तग धरण्याचा अवधी हे तीन आकडे मागावेत. डिमरस्टॅटवरील चाचणी प्रात्यक्षिकाचा भाग करावी. आणि रीसेटच्या कारणाची नोंद वाचणे हा प्रोग्रामिंगच्या प्रयोगांपैकी एक प्रयोग असावा. यासाठी नवे साहित्य फारसे लागत नाही. डिमरस्टॅट अनेक भौतिकशास्त्र विभागांत उपलब्ध असतो. दोन विभागांनी एक प्रयोगशाळा-सत्र एकत्र घेणे, एवढीच तयारी पुरेशी आहे.

यात विद्यार्थ्याच्या न्याय्य मूल्यमापनाचाही प्रश्न गुंतलेला आहे. उपकरण परीक्षकासमोर रीसेट झाले, तर ‘प्रोग्राम चुकला’ असा शेरा देण्यापूर्वी चिपमधील नोंद वाचली जावी. ती दाबघट दाखवत असेल, तर उणीव आखणीतील एका निश्चित ठिकाणी आहे आणि ती विद्यार्थ्याला दाखवून देता येते. आपले कोठे चुकले हे नेमके कळलेला विद्यार्थी पुढचे उपकरण वेगळे बांधतो.

९. निष्कर्ष

१) अकारण वाटणाऱ्या रीसेटमागे अनेकदा पुरवठ्यातील अल्पकालीन दाबघट असते. तिचा उगम मोटर सुरू होण्यात, वीज परत येण्याच्या क्षणात, दूरच्या वाहिनीवरील दोषात किंवा खुद्द उपकरणात असू शकतो.
२) नेहमीच्या ९ व्होल्ट ट्रान्सफॉर्मर व ७८०५ च्या रचनेत १९० व्होल्टपर्यंत दोष दिसत नाही, त्याखाली तो एकाएकी प्रकटतो.
३) दाबघटीने होणारा रीसेट ही संरक्षणाची क्रिया आहे. शोधक नसलेली किंवा चुकीच्या मर्यादेवर ठेवलेली चिप अधिक धोकादायक ठरते.
४) वेळेची नोंद, चिपची साक्ष, दोन ठिकाणचे मापन, पृथक्करण आणि पुनर्निर्मिती या क्रमाने निदान केल्यास प्रोग्रामकडे वळण्यापूर्वीच बहुतेक दोषांचा उलगडा होतो.
५) प्रकल्पांच्या मूल्यमापनात पुरवठ्याचा हिशेब व कमी दाबावरील चाचणी यांना स्थान मिळावे. प्रयोगशाळेतील २३० व्होल्टवर उत्तीर्ण झालेल्या उपकरणाला पुढे आंबिवलीतील एखाद्या पंपघरातील संध्याकाळच्या दाबावर काम करायचे असते, आणि तेथे त्याच्यावर एका इमारतीचे पाणी अवलंबून असते.